वाटण, कालवण आणि क्रियापदाची चव

अलीकडच्या मराठी पाककृतींमध्ये 'सॉस' हा शब्द फार सहजपणे वावरताना दिसतो. पापलेट 'हर्बी गार्लिक सॉस'मध्ये शिजते, वांगी 'ग्रीन गार्लिक सॉस'मध्ये परतली जातात. साहित्याची यादी वाचावी तर आत सापडते कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आल्याचा तुकडा, बहुधा ओला नारळ आणि शेवटी थोडे आंबट. कोकण किनाऱ्यावरच्या आणि मुंबईतल्या जुन्या घरांत ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'हिरवे वाटण' म्हटले गेले, तेच हे. पदार्थ जुनाच आहे, पाटी तेवढी नवी लागली आहे. पाटी बदलल्याने पदार्थात काही बदलते का, हा प्रश्न या लेखापुढे आहे. आमचे उत्तर असे की बदलते, आणि जे बदलते त्याची काळजी स्वयंपाक करणाऱ्यांइतकीच भाषा शिकवणाऱ्यांनीही करायला हवी.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. परक्या शब्दांना दाराबाहेर उभे करण्याचा आमचा हेतू नाही. मराठी स्वयंपाकघराला तो सोवळेपणा परवडणाराही नाही. बटाटा, पाव, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आले आणि घरचे झाले. ज्या हिरव्या मिरचीवाचून आज हिरव्या वाटणाची कल्पनाच करता येत नाही, ती मिरचीही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती या किनाऱ्यावर उतरली आणि आपण तिला आपल्या मिऱ्यावरून नाव दिले. तेव्हा 'सॉस' परका आहे, एवढ्यावरून तो नको असे कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी आमचे जमणार नाही. आमची हरकत निराळी आहे. 'सॉस' हे नाम आहे, आणि ते ज्या शब्दांच्या जागी येऊन बसते आहे ते सारे मुळात क्रियापदे आहेत.

मराठीत धातूपासून नाम घडवण्याची एक अगदी साधी रीत आहे. दळणे यावरून दळण, कांडणे यावरून कांडण, वाटणे यावरून वाटण, तळणे यावरून तळण, कालवणे यावरून कालवण आणि जेवणे यावरून जेवण. वर्गात आपण यांना धातुसाधित नामे म्हणतो, दोन उदाहरणे फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण हे शब्द ओळीने लावून पाहावेत. धान्य जात्यात पडल्यापासून घास तोंडात जाईपर्यंतचा सगळा प्रवास त्यांत येतो. त्यातही वाटण आणि कालवण ही जोडी विशेष लक्ष देण्यासारखी आहे. वाटण हे रांधणाऱ्याच्या कृतीचे नाव आहे. माशाच्या पातळ रश्श्याला आपण कालवण म्हणतो ते मात्र जेवणाऱ्याच्या कृतीवरून, कारण तो रस्सा भातात कालवायचा असतो. म्हणजे एकाच पातेल्यातल्या पदार्थाची दोन नावे दोन वेगवेगळ्या हातांकडे बोट दाखवतात. 'तोंडीलावणे' हा शब्दही जेवणाऱ्याच्या बाजूचा. फोडणीत फोडणे आहे, ठेच्यात ठेचणे आहे, चटणीच्या मुळाशी चाटणे आहे. द्रवपदार्थाच्या घट्टपणावरून किंवा रंगावरून नाव न देता त्याच्याशी माणूस काय करतो यावरून नाव देण्याकडे या भाषेचा कल दिसतो.

सगळ्याच भाषा असे करत नाहीत. 'सॉस' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले मीठ आहे. जे खारवलेले ते सॉस. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्समधल्या 'आयोली'च्या नावात लसूण आणि तेल हे दोन जिन्नस जोडले आहेत. फ्रेंच 'पेर्सियाद' बारीक चिरलेल्या पार्स्लीवरून आणि लसणावरून होते, पण नावात येते ती पार्स्लीच. इटालियन 'साल्सा व्हेर्दे' रंगावरून ओळखली जाते. या नावांपासून वेगळे पडणारे एक नाव मात्र आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. जेनोवा शहराचा 'पेस्तो' आणि त्याचा प्रोव्हान्समधला भाऊ 'पिस्तू' ही दोन्ही नावे कुटणे, ठेचणे या अर्थाच्या क्रियापदांपासून आली आहेत. पेस्तो म्हणजे शब्दशः 'कुटलेले'. तुळशीच्या कुळातली बेझिलची पाने, लसूण, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, चीज आणि ऑलिव्ह तेल संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटून तो करण्याची परंपरा आहे. जगाने तो स्वीकारताना 'इटालियन हर्ब सॉस' असे नाव त्याच्यावर लादले नाही, 'पेस्तो'च म्हटले. वाटणाच्या वाट्याला हे भाग्य घरातच येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

आता कोणी म्हणेल की नावात कृती असली काय आणि नसली काय, जिभेला त्याचे काय? लसणाच्या बाबतीत तरी जिभेला त्याचे फार आहे. अखंड पाकळीला जवळजवळ वास नसतो. तिच्या पेशींत अ‍ॅलीन नावाचे द्रव्य एका कप्प्यात असते आणि त्याच्यावर क्रिया करणारे अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. पाकळी चिरली, चेचली वा वाटली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन तयार होते. लसणाचा तो ओळखीचा उग्र दर्प आणि तिखटपणा मुख्यतः त्याचा. कॅव्हलिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ साली हे द्रव्य वेगळे करून दाखवले. याचा अर्थ असा की लसणाची चव लसणात तयार ठेवलेली नसते. आपण त्याला काय करतो त्यातून ती जन्माला येते. जितक्या पेशी फुटतील तितका दर्प. पातळ चिरलेला लसूण सौम्य, चेचलेला त्याहून उग्र, गंधासारखा वाटलेला सर्वांत उग्र. सालासकट अखंड शिजवला तर उष्णतेने विकर आधीच निकामी होते आणि पाकळी गोडसर, मऊ लागते. लिंबाच्या रसात घालून वाटला तर आम्लामुळे विकराचे काम मंदावते आणि लसूण पुष्कळ नरम पडतो. चिरणे, ठेचणे, चेचणे, कुटणे, खलणे, रगडणे, वाटणे, उगाळणे ही नुसती पर्यायी शब्दांची यादी नव्हे. रसायनशास्त्राला जो भेद विसाव्या शतकात सूत्राने मांडता आला, तो या क्रियापदांनी हाताच्या अनुभवातून कधीच नोंदवून ठेवला होता.

म्हणूनच 'पेस्ट' हा शब्द आम्हाला 'सॉस'पेक्षाही अधिक खटकतो. 'आले-लसूण-कोथिंबीर यांची ग्रीन पेस्ट करून घ्यावी' या वाक्यात करायचे काय ते सांगितलेले नाही. जाडसर की बारीक, पाणी घालून की कोरडे, लसूण आधी की पानांबरोबर, याचा पत्ता नाही. अनुवादाच्या तासाला आम्ही एकदा एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक पाककृतीवजा इंग्रजी उतारा दिला होता. त्यात लसणाला तीन ठिकाणी तीन निरनिराळी क्रियापदे होती. एके ठिकाणी तो बारीक चिरायचा होता, दुसरीकडे चेचायचा होता, तिसरीकडे खलात कुटायचा होता. बहुतेक उत्तरपत्रिकांत तिन्ही ठिकाणी 'लसूण पेस्ट' आली. मुले हुशार होती, शब्दयोजनेच्या बाबतीत एरवी चोखंदळ होती. 'अस्तित्व', 'विरूपीकरण', 'परात्मता' या शब्दांतले सूक्ष्म भेद त्यांना ठाऊक होते. ठेचणे आणि चेचणे यांतला भेद मात्र त्यांच्या लेखी भाषेचा प्रश्नच नव्हता, तो आईच्या स्वयंपाकघराचा प्रश्न होता. दोष मुलांचा नाही. ज्या भाषेला आपण अभ्यासक्रमात प्रतिष्ठा देतो, तीत या क्रियापदांना जागा नाही, एवढेच त्यांनी अचूक ओळखले होते.

आता प्रत्यक्ष कालवणाकडे वळू. हिरव्या वाटणातले पापलेट करायचे तर मध्यम आकाराच्या एका पापलेटाच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवावे. कोथिंबिरीची लहान जुडी कोवळ्या देठांसकट घ्यावी, आठ-दहा पाकळ्या लसूण, तीन-चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि अर्ध्या नारळाचा चव. लसूण, मिरची आणि आले आधी वाटावे, मग खोबरे घ्यावे आणि कोथिंबीर सर्वांत शेवटी. हा क्रम केवळ सवयीचा नाही. कोथिंबिरीचा सुगंध ज्या द्रव्यांमुळे येतो ती उडून जाणारी असतात. ती जितकी कमी रगडावी आणि कमी शिजवावी तितकी उरतात. तेलात दोन ठेचलेल्या पाकळ्यांची फोडणी द्यावी, वाटण मंद आचेवर परतावे, पाणी घालून उकळी आली की तुकडे सोडावेत. पापलेटाला सात-आठ मिनिटे पुरतात. आमसुले शेवटी टाकावीत, कारण आम्ल आणि उष्णता एकत्र आली की पानांतले हरितद्रव्य आपला रंग सोडते आणि हिरवे कालवण खाकी दिसू लागते. एकाच कृतीत लसूण दोनदा आला, एकदा वाटलेला आणि एकदा ठेचलेला. दोन्ही लसणांचे काम निराळे. पहिला रश्श्यात विरघळून जातो, दुसरा तेलाला वास देऊन स्वतः खमंग होतो. 'लसूण पेस्ट दोन चमचे' असे लिहिल्यावर हा दुसरा लसूण कुठे गेला, हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

आंबटाचा उल्लेख आला म्हणून लसणाच्या संस्कृत नावाकडे लक्ष वेधावेसे वाटते. लसणाला 'रसोन' म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या शब्दाची फोड 'एका रसाने उणा' अशी केली आहे. सहा रसांपैकी पाच रस लसणात आहेत, उणा आहे तो फक्त आम्ल रस. भाषाशास्त्रज्ञाला ही व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती वाटली तरी चालेल. तीत स्वयंपाकाचे एक निरीक्षण दडलेले आहे. लसूण आणि हिरवी पाने एकत्र येतात तिथे बहुधा कोणी ना कोणी ते उणे भरून काढतो. कोकणात आमसूल किंवा चिंच, पारशांच्या पत्रानी मच्छीत लिंबू, मोरोक्कोच्या चर्मुलात लिंबाचा रस, कॅनरी बेटांवरच्या हिरव्या मोहोत व्हिनेगर. माशाच्या बाबतीत आंबटाचे आणखी एक काम असते. मासा शिळा होऊ लागला की त्याला जो वास येतो त्यामागे ट्रायमिथाइलअमाइन हे अल्कधर्मी द्रव्य असते. आम्लाशी त्याचा संयोग झाला की ते उडून नाकापर्यंत येईनासे होते. परस्परांचे तोंडही न पाहिलेल्या किनाऱ्यांवर एकच तोडगा निघाला, कारण मासा सगळीकडे माशासारखाच वागतो.

चर्मुला आणि मोहो यांचे आणखी एक साम्य आपल्या वाटणाशी आहे. दोन्ही माशाबरोबर जितक्या सहजपणे जातात तितक्याच सहजपणे भाजीबरोबरही. मोरोक्कोत चर्मुला माशाला चोळतात तशी गाजर-बटाट्यालाही लावतात. कॅनरी बेटांवर हिरवा मोहो माशावर येतो आणि खारवून उकडलेल्या बटाट्यांवरही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी पश्चिम किनाऱ्यावर असते. ताजी मासळी दुर्मीळ होते तेव्हा तेच हिरवे वाटण वांगी-बटाट्याला, शेवग्याच्या शेंगांना, भेंडीला लागते. आंबट तेच, फोडणी तीच. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर क्रियापद कायम राहते, कर्म तेवढे बदलते. भरल्या वांग्यांत वाटण आत जाते, पत्रानी मच्छीत ते बाहेरून लेपून केळीच्या पानात बांधतात. सुरतेच्या उंधियूत थंडीतला पातीचा लसूण, कोथिंबीर आणि खोबरे यांनी वांगी, बटाटे, रताळी भरतात. मासळी आणि भाजी यांना सामिष-निरामिष अशा दोन गोटांत वाटून पाककृतींची पुस्तके छापण्याची आपली रीत आहे. वाटणाच्या बाजूने पाहिले तर ती सीमारेषा पुसट होते.

अर्थात हे वाटण सर्वांच्या घरी सारखे नाही, आणि इथे प्रश्न चवीपलीकडे जातो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांमध्ये लसूण आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरे आजही आहेत आणि आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून मग विरक्त होण्याचा गोड मार्गही आपण शोधून काढला आहे. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणात लसूण नाही, असा पुष्कळ सारस्वत घरांचा शिरस्ता आहे. उलट दुसऱ्या कित्येक घरांत लसणावाचून मासा शिजतच नाही. वैद्यकाची परंपरा मात्र लसणावर प्रसन्न होती. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे मिळालेल्या बावर हस्तलिखिताचा आरंभच लसणाच्या गुणवर्णनाने होतो. धर्मशास्त्राने नाकारलेले वैद्यकाने गौरवले, हा विरोध एका पाकळीत सामावलेला आहे. लॅटिन साहित्यातही हे दोन सूर ऐकू येतात. होरेसने आपल्या एका एपोडमध्ये लसणाला विष म्हणून शिव्या मोजल्या आहेत, तर पूर्वी व्हर्जिलच्या नावावर मोडणाऱ्या आणि आज अज्ञात कवीची मानल्या जाणाऱ्या 'मोरेतुम' या कवितेचा नायकच लसूण कुटणारा एक गरीब शेतकरी आहे. पहाटे उठून तो जाते ओढतो, परसातून लसूण, कोथिंबीर आणि इतर पाला आणतो, मीठ आणि चीज घालून खलात कुटतो, डोळ्यांना आलेले पाणी पुसतो, तेल आणि व्हिनेगर घालतो आणि मग नांगर जुंपायला निघतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही कविता म्हणजे एका वाटणाची कृती आहे. कुटता कुटता निरनिराळे रंग एकमेकांत कसे मिसळतात, याचे वर्णन हे तिचे मर्म मानले जाते. पाककृतीला काव्याची पायरी चढता येत नाही, असे मानणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

त्या कवितेत एक तपशील आहे, तो आम्हाला आपल्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याच्या झोपडीत कामाला एक आफ्रिकन स्त्री आहे, तरी लसूण तो स्वतः कुटतो. आपल्याकडे पाटा-वरवंट्यापुढे पुरुष बसल्याचे चित्र साहित्यात शोधूनही विरळाच सापडेल. पाट्यावर वाटणे हे बाईचे काम. रोजचे, दोन वेळचे, मनगट आणि कंबर मोडणारे. पाट्याला टाकी लावणे हे पाथरवटाचे आणि वडाराचे. तेव्हा 'पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला नाही' हे वाक्य ज्यांनी कधी वाटले नाही त्यांच्या तोंडी अधिक शोभते, याची आम्हाला जाणीव आहे. पाटा परत आणा असे आम्ही म्हणत नाही. मिक्सरने कष्ट वाचवले, ते वाचायलाच हवे होते. मात्र यंत्राने कष्ट वाचवले म्हणून त्या कष्टांतून साठलेले ज्ञान टाकून देण्याचे कारण नाही. मिक्सरलाही 'थांबून थांबून जाडसर वाटा', 'पाने शेवटी घाला', 'पाणी न घालता ठेच्यासारखे करा' असे सांगता येते. त्यासाठी पाटा लागत नाही, क्रियापदे लागतात. ज्या स्त्रियांनी हे ज्ञान घडवले त्यांच्या नावावर फार थोडे लिखाण आहे. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करून अभ्यासकांनी जात्यापुढच्या स्त्रीचा आवाज जपला. वाटणारीचे म्हणणे जर कुठे उरले असेल तर ते या क्रियापदांत उरले आहे.

पदार्थ टिकला की भाषाही टिकते, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आहे. तिचे उत्तर प्रोव्हान्समध्ये मिळते. तिथल्या आयोलीचा उल्लेख वर आलाच आहे. मोठ्या सणाला खारवलेला कॉड मासा उकडून, सोबत गाजर, बटाटे, फरसबी ठेवून मधोमध लसणाची ही आयोली मांडतात. मासा आणि भाजी यांचा एकाच वाटणाभोवतीचा हा मेळ आपल्याला ओळखीचा वाटावा. फ्रेदेरिक मिस्त्राल या प्रोव्हान्साल कवीने १८९१ साली आपल्या भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी वर्तमानपत्र काढले, त्याचे नावच 'आयोली' ठेवले. त्याआधी त्याने या भाषेचा प्रचंड शब्दकोश सिद्ध केला होता आणि पुढे १९०४ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इतके सगळे होऊनही ती भाषा आज युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत आहे. आयोली मात्र जगभर पसरली. ज्यांनी प्रोव्हान्सालचा एक शब्दही ऐकलेला नाही अशा कोट्यवधी लोकांच्या ताटात ती पोहोचली. कित्येक उपाहारगृहांत तर साध्या मेयोनेझमध्ये लसूण मिसळून त्यालाच हे नाव दिले जाते. पदार्थ वाचला, भाषा वाचली नाही. आणि भाषा जाताच पदार्थही हळूहळू दुसरेच काही होऊ लागला. आपल्या हिरव्या वाटणाची चिंता आम्हाला वाटते ती या अर्थाने. ते नाहीसे होणार नाही. ते 'ग्रीन सॉस' होऊन सुखाने नांदेल, बाटलीत भरले जाईल, आणि त्याच्याशी हातांनी काय केले जात होते हे सांगणारे शब्द मात्र कोशात पडून राहतील.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याजवळ आधार कमी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने लाखो घरांत प्रवेश केला. जवळपास शंभर वर्षांच्या या पट्ट्यात मराठी गद्याची एक अखंड परंपरा आहे. तिच्यात आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांचा वापर कसा बदलत गेला, लेखक वाचकाला कोण समजतो, किती सांगतो आणि किती गृहीत धरतो, हे सारे अभ्यासण्याजोगे आहे. मराठी गद्याच्या इतिहासात निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, पत्रव्यवहार यांना प्रकरणे मिळाली. पाकशास्त्राला तळटीपही क्वचित मिळते. यावर एक आक्षेप येईल तो असा की ही उपयुक्त पुस्तके आहेत, साहित्य नव्हेत. पण बखरी तरी कुठे साहित्य म्हणून लिहिल्या गेल्या? उपयोगासाठी लिहिलेल्या गद्यात भाषा जितकी काटेकोर असावी लागते तितकी कथा-कादंबरीतही नेहमी असत नाही. कथेतला लसूण कसाही चिरला तरी पात्राला चालतो. पाककृतीतला चुकीचा चिरला तर कालवण बिघडते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. नवी पिढी, परदेशी वाढणारी मराठी मुले, अन्य भाषकांशी संसार मांडलेली घरे यांना 'सॉस' आणि 'पेस्ट' कळते, 'वाटण' आणि 'कालवण' कळत नाही. मग कळेल तेच का लिहू नये? यात तथ्य आहे. तरी कळत नाही म्हणून शब्द वगळला की तो पुढच्या पिढीला कळण्याचा शेवटचा रस्ताही बंद होतो. 'वाटण' हा शब्द समजावून सांगायला एक वाक्य पुरते, आणि ते वाक्य लिहिताना लेखकालाही लसूण कसा वाटायचा याचा विचार करावा लागतो. जपानी, इटालियन, कोरियन पदार्थांची नावे आपण अडखळत का होईना शिकतोच. तेवढी उसंत आपल्या शब्दांसाठीही काढता येईल.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. शिलालेख, ताम्रपट आणि प्राचीन ग्रंथ यांच्या आधारे तो मिळाला, ते योग्यच. पण भाषेचे वय जसे शिलालेखांत दिसते तसे ते तिच्या क्रियापदांच्या बारकाव्यांतही दिसते. दगडावर कोरलेले आपोआप टिकते. तोंडी असलेले रोज वापरावे लागते. म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाककृती लिहिणाऱ्यांनी साहित्याची यादी हवी तर इंग्रजीत द्यावी, कृती मात्र मराठी क्रियापदांत लिहावी. अनुवादाच्या अभ्यासक्रमात कवितेशेजारी एखादी पाककृती ठेवावी, म्हणजे शब्दांच्या अचूकपणाची परीक्षा होईल. कोशाच्या कामात रस असणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या, गावच्या, जातीजमातींच्या स्वयंपाकातली क्रियापदे गोळा करावीत, कोण काय ठेचते आणि कोण काय वाटते ते लिहून ठेवावे. लसूण कोणी पुल्लिंगी म्हणतो, कोणी स्त्रीलिंगी; दोन्ही नोंदवावे. आणि ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांनी निदान एकदा आठ-दहा पाकळ्या स्वतःच्या हाताने वाटून पाहाव्यात. ठेचण्यात आणि वाटण्यात काय अंतर आहे, ते मग कोणत्याही कोशाने सांगावे लागणार नाही.